आबांच्या नंबरवरची आत्या

साऱ्या खानदेशात इंजिनाची नाडी माझ्या आत्याइतकी कोणाला कळत नाही. ट्रक राजस्थानात उभा असो की कोल्हापुरात, तिला फक्त त्याचा आवाज ऐकवायचा. भडगावच्या आपल्या ओट्यावर बसून ती फोन कानाला लावते, डोळे मिटते, आणि माहेरचं कोणी आजारी पडावं तशा काळजीने दुखणं सांगते.

ही विद्या तिला गॅरेजने दिली. तिचे यजमान, म्हणजे आमचे आबा, जुन्या लांब नाकाच्या ट्रकांचे नावाजलेले मिस्त्री. ठोकाठोकीने त्यांचे कान लवकर गेले, तेव्हा इंजिनाशी उभं राहून ऐकायचं आत्याने आणि पाना फिरवायचा आबांनी, अशी वाटणी झाली. म्हातारपणी मीच आबांना हौशी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. भंगारातून ट्रक उचलून आणायचा आणि नवरीसारखा नटवायचा, हे त्या मंडळींचं वेड. अडलं की आबांना विचारायचं. पुढे आबा गेले, पण ग्रुपवर कोणाला कळलं नाही, कारण उत्तरं येतच राहिली.

ती उत्तरं आता आत्याच्या स्वयंपाकघरातून येत. निळा धूर म्हणजे कढईत तेल जळतं तसं आत ऑइल जळतंय. व्हॉल्व्ह ताटावर वाटी आपटल्यासारखा वाजतोय, फट कमी करा. "आबा, तुम्हाला स्वयंपाकही येतो वाटतं!" असं एकाने लिहिलं, तर आत्याचं उत्तर गेलं, "रोज करस." खोटं लिहिणं तिच्या जिवावर येई, म्हणून ती अहिराणीत लिही. 'करस', 'सांगस' यात बाई की बुवा ते उमगत नाही. इंजिनाचे आवाज रेकॉर्ड होऊन येत ते ती ऐके, फोन मात्र कधीच उचलत नसे.

"सांगून का टाकत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"सांगी दिधं तर त्यासनं नाव काढी टाकतीन," ती म्हणाली. "आते तेवढंच एक ठिकाण शे, जठे लोके त्यासले हाक मारतस."

आखाजीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे होतो. ग्रुपमधले धुळ्याचे एक मास्तर आपल्या वडिलांना, नानांना, त्यांच्याच जुन्या ट्रकातून सणाला गावी नेत होते. ट्रक जरा चाले आणि बंद पडे. भर दुपारी मेसेज आला : 'आबा, नाना गाडीत आहेत. ऊन फार आहे. एकदाच फोन उचला.' पाठोपाठ फोन वाजू लागला. आत्याने कोरडेच हात दोनदा पदराला पुसले आणि उचलला.

"आबा?"

"आबा नहीत. पहिले नानासले सावलीमा बसाड, मंग बोल."

पलीकडे गाडीचं दार वाजलं. मग नाना बाभळीखाली बसले, इंजिन सुरू झालं, धापा टाकत बंद पडलं. "हवा खाई राहिनं ते," आत्या म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मास्तरांनी पाहिलं, तर डिझेलच्या नळीच्या बोल्टाखालची तांब्याची चकती कडक होऊन तिथून हवा शिरत होती, आणि नवी जवळ नव्हती. "कोनं घर शे का जोडे? चुल्हावर लाल कर, पानीमा टाक. नरम व्हई जाई."

जवळच्या मळ्यातल्या चुलीवर चकती तापली, पाण्यात चर्र झाली, पुन्हा बसली. हातपंप मारून मास्तरांनी हवा काढली. इंजिन सुरू झालं. आत्या दहा मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिली. बंद पडलं नाही.

"तुम्ही कोण?" मास्तरांनी अखेर विचारलं.

"त्यासनी घरवाली. आबा जाईसन दोन वरीस व्हयनात."

मग तिने फोन डब्यामागे ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी, सणासुदीची, तिने त्याला हात लावला नाही. शेवटी मीच उघडून वाचून दाखवलं. मास्तरांनी सगळं लिहिलं होतं. खाली कितीतरी लोक हळहळले होते, आणि ग्रुप चालवणाऱ्याने एवढंच लिहिलं होतं : 'आबांचा नंबर आहे तसाच राहील. अक्का, तुम्ही लिहीत राहा.'

आठवड्याभराने तो ट्रक भडगावला दारात येऊन उभा राहिला. "अक्का, बठ," वरून नाना म्हणाले. ती नको नको म्हणत होती. त्या दारातून शेकडो ट्रक धडधाकट होऊन गेले, पण फेरफटका मारायला म्हणून तिला कोणी कधी वर बोलावलं नव्हतं. शेवटी पदर खोचून ती चढली. मी मोटरसायकलवर मागे निघालो.

गिरणेच्या पुलावर मास्तरांनी ट्रक थांबवला. मी शेजारी गेलो. आत्या खिडकीतून पुढचा रस्ता बघत होती, वाऱ्याने पांढरे केस तोंडावर आलेले. परत फिरू का, असं मास्तरांनी विचारलं.

"आजून थोडं पुढे लई चाल ना, भाऊ," ती म्हणाली.

ट्रक निघाला. मी पुलावरच थांबलो.