सज्जाखालचे सहा ब्रॅकेट

आकुर्डीत आमचं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा नमुना लागतो. तो मातीत दाबून साचा घेतात. माझ्या वडिलांनी जन्मभर असे लाकडी नमुने केले. मी आता तेच काम संगणकावर करते आणि ते खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. "गिअरबॉक्स, पंप, इंजिन," ते म्हणायचे, "माझं सगळं काम बॉनेटखाली गेलं. रस्त्यानं जाताना बोट दाखवावं असं एकही नाही." ही खंत त्यांनी इतक्यांदा ऐकवली होती की मी कंटाळले होते.

गेल्या वर्षी पुण्याच्या कॅम्पातल्या एका व्हिक्टोरियन इमारतीचं काम आमच्याकडे आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांना कापड, खोगीर आणि दारू विकायला कुण्या व्यापाऱ्यानं ती बांधली, एवढंच आताच्या मालकाला ठाऊक होतं. खाली काळ्या दगडाच्या कमानी, वर टोकदार खिडक्या, माथ्यावर दगडी तुरे. दारू विकायला एवढा थाट कशाला, असं माझ्या मनात आलं. सज्जा तोलणारे लोखंडी ब्रॅकेट मात्र बघत राहावेत असे होते. विलायतेत ओतून बोटीनं आणलेले, अंगभर वेली आणि द्राक्षांचे घोस. त्यातले सहा तुटले होते. मालकाला तिथं फायबरचे लावायचे होते, स्वस्त आणि हलके. काम बघणाऱ्या आर्किटेक्ट बाईंनी त्याला कसंबसं एका चाचणीच्या नगापुरतं राजी केलं होतं. बसला तर लोखंड, नाही तर फायबर.

"तुझा संगणक राहू दे," वडील म्हणाले आणि खुर्चीतून उठले. सागाच्या लाकडात ते स्वतः पानं कोरायला बसले. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा ठेवावा लागतो. तो अंदाज त्यांच्या हातात मुरलेला आहे. जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत, आणि मी चिडवलं की खूश व्हायचे.

चाकणच्या फाउंड्रीतून लाकडी नमुना परत आला, सोबत ओतलेला नगही, आणि तो नग बोटभर आखूड भरला. वडिलांचा चेहरा उतरला. "हात गेला माझा," एवढंच म्हणाले आणि घरी निघून गेले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. त्यांचा लाकडी नमुना मी पुन्हा मापला. तो बरोबर होता. तशीच तो गाडीत टाकून फाउंड्री गाठली.

"लाकूड टिकत नाही ना ताई," तिथला सुपरवायझर म्हणाला, "म्हणून त्यावरून ॲल्युमिनियमचा नमुना काढला. आम्ही सगळ्यांचाच काढतो."

म्हणजे आधी ॲल्युमिनियम आकसलं आणि मग लोखंडही. गाड्यांचे हजारो नग ओतायची सवय असलेल्यांना सहाची ऑर्डर समजतच नाही.

"अहो भाऊ, सहाच हवेत," मी म्हटलं. "एका शिफ्टलाही पुरायचे नाहीत. तेवढ्याला लाकूड सहज टिकतं."

तो ओशाळून हसला आणि नवा नग थेट लाकडावरून ओतून दिला. मालकानं तो जागेवर लावून पाहिला, ठोकून पाहिला आणि म्हणाला, "करा सहाही."

परांची उतरल्यावर मी वडिलांना कॅम्पात घेऊन गेले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. समोरच्या फुटपाथवर उभं राहून त्यांनी सज्जाखालची सगळी रांग न्याहाळली, मग उलट्या बाजूनं परत न्याहाळली. सगळ्यांना एकच काळा रंग दिलेला.

"यातले आपले कुठले गं?"

मलाही सांगता येईना. जन्मात एकदा काम रस्त्यावर लागलं आणि ते ओळखूच येत नाही. आता हे वर्षभर ऐकावं लागणार, असं मी धरूनच चालले. पण ते शेजारी बसची वाट बघणाऱ्या गृहस्थांकडे वळले.

"साहेब, वरचे ते ब्रॅकेट बघा. त्यातले सहा मी केलेत. कुठले, सांगा बरं."

गृहस्थांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. "मला तर सगळे सारखेच दिसतात हो."

"दिसणारच," वडील म्हणाले. त्या गृहस्थांची बस आली, ते गेले, आणि वडील पुढच्या माणसाची वाट बघत तिथंच उभे राहिले.