ओहळापाशी मी सायकलवरून उतरले नव्हते

भुताखेतांचं मला कधी काही वाटलं नाही. सातपाटीत जन्मले, सातपाटीतच दिली. काळोखात बंदरावर बोटीची वाट बघणाऱ्या बाईनं घाबरून कसं चालेल? त्यामुळे या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. पण एक प्रसंग आहे... आणि तो सांगताना मला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटतो, हे आधीच कबूल करते.

साल शहाऐंशी. आमच्या आळीत सायकल चालवणारी कोळीण तेव्हा एकच — मी. नवऱ्यानं ओहोटीच्या घट्ट वाळूवर शिकवली, त्याच्याच जुन्या, मधे दांडा असलेल्या सायकलवर. लोक हसले. सासू म्हणाली, "हसूंदे गो त्यांना. पडलीस तर मी पण हसेन." दोनदा पडले, पण ती बघत नसताना.

बाकीच्या बाया पालघरच्या बाजारात बसायच्या. मी कॅरिअरला सुक्या मासळीची टोपली बांधून आणखी पुढे, पूर्वेच्या डोंगराकडे जायचे. तिथे एक लहान धरण आहे. ते बांधताना दगड आणायला ट्रॉलीचे रूळ टाकले होते. काम संपल्यावर रूळ उपसून नेले आणि खडीचा नुसता बांध उरला. पाड्यावरची माणसं त्याला रुळाची वाट म्हणत. सायकलला झकास — सपाट, गाडीघोड्याचा त्रास नाही. त्या वाटेनं जायचं, धरणाला वळसा घालत बोंबील-सुकट विकायचं आणि पलीकडच्या रस्त्यानं परत यायचं, असा माझा फेरा. अडचण एकच. मधे ओहळावरचा पूल काढून टाकलेला होता. तिथे उतरून, सायकल खांद्यावर घेऊन खाली ओहळात उतरायचं आणि समोरचा उभा चढ चढायचा. रिकाम्या टोपलीनंही या वाटेनं पाड्यावरून पालघरला यायचं तर मला पाऊण तास लागे.

दिवाळी नुकतीच झाली होती. धरणालगतच्या पाड्यावर पोचले तर शाळेसमोर बाया जमलेल्या. माझं नेहमीचं गिऱ्हाईक, रखमा, तिला गवत कापताना घोणस चावली होती. पुरुष सगळे वीटभट्ट्यांवर गेलेले. एसटी थेट संध्याकाळी. शाळेच्या गुरुजींनी तिच्या पायाला काठी लावून बांधली होती.

"ताई, सायकलवर नेता येईल?" त्यांनी विचारलं.

"नेते," मी म्हटलं. मागचा-पुढचा विचार केला असता तर नाही म्हटलं असतं.

टोपली सोडून ठेवली. रखमाला कॅरिअरवर एका बाजूनं बसवलं आणि लुगड्यानं माझ्या कमरेला बांधलं. गुरुजींनी डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली, त्यात निघाल्याची वेळ घातली — अकरा दहा. टळटळीत ऊन होतं.

रुळाची जवळची वाट धरली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. चेनचा आवाज. पाठीवर रेलत चाललेलं तिचं वजन. आणि मी सारखी तिला सांगतेय, दम सोडू नको, दम सोडू नको... मग एकदम पालघरच्या दवाखान्याची पायरी.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा झाले होते, आणि त्यातलाही थोडा वेळ इंजेक्शन देण्यात गेलेला.

"गुरुजींचं घड्याळ पुढे दिसतंय," ते म्हणाले. "जीप मिळाली का?"

"सायकलनं आणली."

ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मी ताठ उभी राहिले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार बरं वाटलं.

रखमाचा भाऊ आल्यावर, दुपारी, मी टोपली आणायला निघाले. ओहळापाशी सवयीनं उतरले आणि तशीच थांबले... सकाळी परत येताना मी इथे उतरलेच नव्हते. उतरणार कशी? कमरेला रखमा बांधलेली!

ओल्या वाळूत सकाळी जातानाची माझी पावलं होती, धरणाकडे तोंड केलेली. परतीचं एकही पाऊल नव्हतं. माझं नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. होती ती सायकलच्या चाकांची खोल रेघ... समोरच्या काठानं खाली, ओहळातून, माझ्या बाजूच्या काठानं वर. तसल्या उभ्या काठावर मला नुसती सायकल चढवताना धाप लागायची.

पाड्यावर गुरुजींना घड्याळाचं विचारलं. रोज रेडिओच्या बातम्यांना लावतो, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी रखमा उठून बसली होती. पाय सुजलेला, पण चेहऱ्यावर तेज. म्हणाली, "बाय, ती दुसरी कुटं गेली?"

"कोण दुसरी?"

"मागून ढकलीत व्हती ती. ओहळात तिनंच उचललं आपल्याला. सारखी सांगत व्हती, दम सोडू नको."

"ते मी सांगत होते, रखमे."

"तू?" ती हसली. "तुजी तर दातखीळ बसलेली. तू वाटभर तोंड उघडलं नाय."

मला राग आला. मेहनत माझी, मांड्या आठवडाभर माझ्या दुखल्या आणि नाव कुणा तिसरीचं? कुणी म्हणालं वनदेवी, कुणी म्हणालं तुझी मेलेली आई. मी कुणालाच हो म्हटलं नाही. विष चढलं की भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. असतील. पण वाळूला तर साप चावला नव्हता...

पुढे तो फेरा मी बरीच वर्षं केला. रखमाच्या लेकीला त्याच बांधावर मीच सायकल शिकवली. तिच्या लग्नात रखमानं मला पुढं बसवलं आणि व्याह्यांना सांगितलं, "मला दवाखान्यात नेणाऱ्या दोघी. त्यातली ही एक."

आता मी वाद घालत नाही. दुसरी कोण, मला अजून ठाऊक नाही. पण व्याह्यांनी हात जोडले तेव्हा मी मान खाली घातली नाही. त्यातली एक मी होते, हे मला पक्कं ठाऊक आहे.