ब्रेक पाहिजे, छत नको

भिण्याच्या बाबतीत माझ्या साडभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इतर ठिकाणी याला नुसतं साडू म्हणतात, आमच्याकडे त्यात भाऊही असतो. आमची घरं नागपुरात लकडगंजच्या मागे, दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत, आणि गेली पंचवीस वर्षं मी या माणसाला कशाला ना कशाला भिताना पाहत आलो आहे. ते पंख्याच्या बरोबर खाली बसत नाहीत. लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला की ते बाहेर येतात आणि पाच मजले चढून जातात. एकदा आम्ही सगळे पेंचच्या जंगलात गेलो होतो. वाघ दिसावा म्हणून सगळी जीप डोळे ताणून बसलेली, आणि हे एकटे तो दिसू नये म्हणून मान खाली घालून. वाघ काही दिसला नाही. परतीच्या वाटेवर त्या जीपमध्ये एकच प्रसन्न चेहरा होता.

या भीतीला सरकारी मान्यता होती, कारण त्यांची नोकरीच विद्युत निरीक्षकाची. कारखान्यांत, सिनेमागृहांत, दवाखान्यांत जायचं, वायरिंगमध्ये काय बिघडू शकेल ते शोधायचं आणि सापडलं की लाल शाईने लिहायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. ते निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर झाला नाही. माझ्या पुतण्याच्या रिसेप्शनला त्यांनी वधूवरांना आहेर देण्याआधी स्टेजच्या लोखंडी खांबाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. त्यांनी सरळ जाऊन मेन स्विच पाडला आणि सातशे माणसं हातात ताटं घेऊन अंधारात उभी राहिली. डेकोरेशनवाला त्यांच्या अंगावर धावून आला, आमच्या घरचेही बरंच बोलले. मग कुणीतरी मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर एक सोललेली वायर खरंच त्या खांबाला टेकलेली होती, आणि नवरी त्याच खांबाला धरून फोटोसाठी उभी राहणार होती. साडभाऊंनी फक्त थंड झालेली पुरी संपवली. तेव्हापासून मी त्यांच्या भीतीला हसतो, पण एका मर्यादेपर्यंत.

आणि त्यांची सगळ्यात मोठी भीती रोज सकाळी सव्वासहाला गाडी चालवत घराबाहेर पडायची. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पारशिवनीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. ट्रकांनी भरलेल्या हायवेने जायचं, मग फाट्यावरून आत वळायचं, आणि दुपारी तसंच परत यायचं. ताई शांत बाई. गाडी त्या चालवतात. साडभाऊंनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण ताईंच्या शेजारी बसून त्यांनी जेवढे ब्रेक दाबले असतील तेवढे एखाद्या एसटी ड्रायव्हरनेही दाबले नसतील. त्यांच्या बाजूच्या रबरी मॅटला उजव्या पायाखाली भोक पडलं आहे. हे मी वाढवून सांगत नाही, मी त्या भोकात बोट घालून पाहिलं आहे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी पेपरात वाचलं की पुढे काही आडवं आलं तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या आता मिळतात. त्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा, इतकी वर्षं एकटं लढणाऱ्या माणसाला अचानक कुमक मिळावी, तसा झाला होता. गाडी घ्यायची ती हायब्रिड, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. नुसती बॅटरीवरची नको, कारण ती जंगलाजवळ संपली तर काय करायचं. नुसती पेट्रोलचीही नको, कारण पंपावर सारखं उभं राहायची त्यांना धास्ती. हायब्रिडमध्ये दोन्ही असतं. "एक गेलं त दुसरं स्टँडबाय हाये," ते म्हणाले. दवाखान्यांना तीस वर्षं जनरेटर बसवायला लावणाऱ्या माणसाला हा मुद्दा पटायलाच हवा होता.

पण शोरूममध्ये गेल्यावर कळलं की प्रकरण इतकं सोपं नाही. त्या गाडीचे चार प्रकार होते. खालचे दोन साध्या पेट्रोलचे. तिसऱ्यात हायब्रिड होतं, पण आपोआप ब्रेक नव्हता. तो फक्त चौथ्यात, सगळ्यात वरच्या प्रकारात, आणि त्याच्यासोबत छतभर उघडणारी काच, बुडाखालून गार हवा सोडणाऱ्या सीटा, दारांच्या कडेने रंग बदलणारे दिवे आणि नऊ स्पीकर. साडभाऊंनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि मग विचारलं की छताची काच काढून बाकीचं देता येईल का. तिथली बाई हसून म्हणाली, "नाही सर, पॅकेज आहे." साडभाऊंना पॅकेज हा शब्द माहीत होता, त्यातला न्याय समजत नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "मी इन्स्पेक्शनले गेलो अन् म्हटलं असतं का फ्यूज पायजे असन त झुंबर बी घ्या, त मले त्याच दिवशी घरी बसवलं असतं. ब्रेकचा अन् काचेचा काय संबंध हाये?"

त्या बिचारीने कॉफी मागवली.

काचेला ते का भीत होते, हे त्यांनी मला घरी येईपर्यंत समजावून सांगितलं. नागपूरचा मे महिना, त्यात डोक्यावर काच, म्हणजे ताई आत भाजून निघणार. फेब्रुवारीत गारा पडतात, त्या काचेवर पडणार. पारशिवनीच्या रस्त्याला माकडं आहेत, ती झाडावरून उडी मारताना खाली काच आहे की पत्रा हे पाहत नाहीत. ब्रेक ताईंना वाचवणार आणि छत ताईंना मारणार, असा तो हिशेब होता, आणि कंपनी म्हणत होती की दोन्ही घ्या नाहीतर एकही नाही.

त्यानंतर आठ महिने आम्ही शोरूम पालथी घातली. एकीकडे ब्रेक होता, पण हायब्रिड नव्हतं. दुसरीकडे ब्रेक, हायब्रिड आणि साधं पत्र्याचं छत असं सगळं जुळलं, आणि साडभाऊ उभ्या उभ्या कृतार्थ झाले. मग कळलं की ती गाडी फक्त परदेशात पाठवायला बनवतात. पहिल्या कंपनीला त्यांनी इन्स्पेक्शन रिपोर्टच्या भाषेत पत्र लिहिलं, त्रुटी क्रमांक एक, सुरक्षेचे साधन शोभेच्या साधनास जोडलेले आढळले, ते तात्काळ वेगळे करावे. उत्तरात कंपनीने छताच्या काचेत दाखवलेल्या रसाबद्दल त्यांचे आभार मानले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मोबाइलवर रोज छतातून हात बाहेर काढून हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो येऊ लागला. त्याच कंपनीच्या गाडीत ट्रायलला बसवलं तेव्हा ताईंनी बटण दाबलं आणि काहीच आवाज झाला नाही. साडभाऊंनी विचारलं, गाडी बंद आहे का. शोरूमची बाई म्हणाली, नाही सर, चालू आहे, बॅटरीवर आहे. ते तसेच दार उघडून खाली उतरले. "सप्लाय चालू अन् दिवा बंद," ते मला कानात म्हणाले. "याच्याहून डेंजर जगात काही नसते." ताई एकट्याच चक्कर मारून आल्या आणि त्यांना गाडी आवडली, पण साडभाऊंचं मन होईना. डिसेंबर उजाडला तरी ताई जुन्याच गाडीने जात होत्या.

डिसेंबरात आमच्याकडे सकाळी धुकं पडतं. असंच एकदा, साडेसातच्या सुमाराला, साडभाऊ माझ्या दारात उभे राहिले. स्वेटर उलटा घातलेला, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. ताईंचा फोन आला होता, त्या "अहो, ऐका" एवढंच म्हणाल्या, मग जोरात हॉर्न वाजला, आणि फोन बंद. त्यानंतर तो लागत नव्हता. त्यांनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

मी गाडी काढली. कामठी सोडल्यावर रस्ता दिसेनासा झाला. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे एकदम समोर यायचे आणि माझा पाय ब्रेकवर जायचा. मला वाटलं होतं, साडभाऊ आता माझ्या गाडीचं मॅटही फोडतील. पण त्यांचे पाय हलले नाहीत. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले होते. त्या तसं बसण्याची मला धुक्यापेक्षा जास्त भीती वाटली. कन्हानच्या पुलावर ते म्हणाले, "आठ महिने मी काचेवरून भांडत बसलो."

पुलापुढे दोनतीन किलोमीटरवर गाड्या थांबलेल्या होत्या. माणसं उतरून पुढे चालली होती. धुक्यात एक ट्रक आडवा दिसत होता, आणि त्याच्या चाकाशी एक पांढरी गाडी, ताईंच्या गाडीच्याच बनावटीची, पुढून पार दबलेली. मी दार उघडलं. साडभाऊ उतरले नाहीत.

"तुम्ही पाहून या," ते म्हणाले. "मले जमनार नाई."

ते अंतर पन्नास पावलांचंही नसेल. मी आयुष्यात इतकं हळू कधी चाललो नाही. गाडीत कोणी नव्हतं. रस्त्यावर काच पसरली होती आणि एक डबा उघडा पडला होता, त्यातल्या पोळ्या ओल्या डांबरावर. मी नंबर वाचला. पुन्हा वाचला. माझा डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावला. तो ताईंचा नंबर नव्हता. आतल्या नवराबायकोला अॅम्ब्युलन्सने कामठीला नेलं, दोघं बोलत होते, असं लोकांनी सांगितलं.

मी परत येऊन साडभाऊंना सांगितलं की ती आपली गाडी नाही. मला वाटलं ते देवाला हात जोडतील, निदान सुस्कारा तरी सोडतील. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मंग कोन होतं त्याच्यात?"

मी सांगितलं. ते दोघं बोलत होते हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, तेव्हा कुठे मला गाडी सुरू करू दिली.

शाळेत पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. प्रार्थना संपली होती आणि ताई व्हरांड्यात उभ्या राहून एका शिक्षिकेशी हजेरीपटाबद्दल बोलत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही दोघं इकडे काहून आले?"

अपघात त्यांच्या पुढेच झाला होता. त्या अडकून पडल्या होत्या, आणि कुणाकडून उलटसुलट ऐकून नवरा घाबरेल म्हणून त्यांनी मी ठीक आहे एवढं सांगायला फोन केला. तेवढ्यात मागून ट्रकने हॉर्न दिला, त्या दचकल्या, आणि मोबाइल खिडकीतून रस्त्यावर पडून फुटला. नंतर कडेने वाट मिळाली तशा त्या निघाल्या. शाळेतून फोन करावा तर नंबर एकही पाठ नाही. साडभाऊ ऑफिसातल्या खुर्चीत बसले. शिपाईबाईंनी पाणी दिलं. ते प्यायल्यावर त्यांनी वर पाहिलं, उठले, खुर्ची पंख्याखालून बाजूला सरकवली आणि पुन्हा बसले. तेव्हा ताईंना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं.

दुसऱ्या दिवशी साडभाऊंनी चौथ्या प्रकारची गाडी बुक केली. शोरूमच्या बाई पॅकेज वाचून दाखवू लागल्या, तर हे म्हणाले की वाचू नका, जे जे असेल ते सगळं द्या. हायब्रिडला चार महिने थांबावं लागतं असं कळलं, तेव्हा ते चार महिने साडभाऊ रोज ताईंसोबत पारशिवनीकडे गेले. शाळा सुटेपर्यंत तिथेच बसायचे. बसल्या बसल्या त्यांनी शाळेचं सगळं वायरिंग तपासलं, लाल शाईने यादी केली आणि स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलं. शिक्षिका आधी बिचकल्या, मग घरच्या मिक्सरचे प्रश्न विचारू लागल्या.

गाडी आली तेव्हा उन्हाळा लागला होता आणि ताईंच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. एवढ्या दिवसांत तो ब्रेक आपोआप एकदाच लागला, कन्हानजवळ एक गाय आडवी आली तेव्हा. गाय निघून गेली. साडभाऊ खाली उतरून बराच वेळ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते, असं ताईंनी सांगितलं. छताच्या बटणावर साडभाऊंनी पहिल्याच दिवशी काळी टेप लावली होती. ती शाळेच्या शेवटच्या दिवशी परतताना ताईंनी काढली, आणि त्यांनी ती काढू दिली.

आता ताई घरीच असतात. सकाळी सव्वासहाला त्या घरातून कोणी बाहेर पडत नाही. साडभाऊ मात्र त्याच वेळेला उठतात, फाटकाशी येऊन उभे राहतात आणि रस्त्याकडे पाहत राहतात. मागच्या आठवड्यात मला अमरावतीला जायचं होतं, मी त्या वेळी त्यांच्या दारावरूनच निघालो. त्यांनी हात करून मला थांबवलं, चारी टायर पाहिले, आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "पोचले का फोन करा." माझी आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिच्यानंतर हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि अमरावतीला पोचून कामात विसरलो. जेवताना आठवलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मी घास तसाच ठेवून फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"पोचलो, भाऊ," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. मी ठेवलेला घास उचलला.