सात्सिवी, झेंडू आणि माझी फोडणी

ऑकलंडच्या विमानतळावर माझं स्वागत एका कुत्र्याने केलं. आखूड पायांचा, लोंबत्या कानांचा, अंगात सरकारी कोट. रांगेतल्या तीनशे बॅगा त्याने नुसत्या हुंगून सोडल्या आणि माझ्या बॅगेपाशी येऊन असा बसला, जसं जुनं गिऱ्हाईक पेढीवर येऊन बसतं. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पुण्यात भवानी पेठेत छत्तीस वर्षं मसाल्याच्या पेढीवर बसलेल्या माणसाच्या बॅगेत दुसरं काय असणार? माझे पायमोजेसुद्धा धण्या-जिऱ्यात मुरलेले आहेत.

न्यूझीलंडात बी-बियाणं, पाला, फुलं यांना मज्जाव. मी फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं. जागा पुरली नाही म्हणून पाठीमागेही लिहिलं होतं. तपासणीच्या टेबलावरची मुलगी "किआ ओरा" (हा तिथल्या माओरी लोकांचा रामराम) म्हणाली आणि एकेक पुडी उचलू लागली. कढीपत्ता गेला, अख्खे मसाले गेले, बायकोने घरी वाळवलेली मेथी गेली. दळलेला गोडा मसाला सुटला. शेवटी तिने हिंगाची डबी उघडली, लगेच मिटली, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "हे तुमचं तुमच्याकडेच राहू दे."

ही डबी लक्षात ठेवा. पुढे तिनेच घात केला.

ऑकलंडहून दुसऱ्या विमानाने ख्राइस्टचर्च. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसले. उकडीच्या मोदकांची ताटं मांडत मांडत कुणी थेट दक्षिण ध्रुवापर्यंत जावं, तसे. शेजारच्या गोऱ्या आजोबांना मी तसं सांगितलंही. त्यांना मोदक समजावून सांगेपर्यंत विमान उतरलं.

माझी भाची केतकी तिथल्या दवाखान्यात फार्मासिस्ट, तिचा नवरा समीर इंजिनिअर. दोघं हॉर्नबी नावाच्या उपनगरात राहतात. हॉर्नबी चित्रात काढण्यासारखं नाही: गोदामं, गाड्यांची दुकानं, आणि आपल्याकडे विमान उतरवता येईल इतके रुंद रस्ते. पण वारा पाहावा तर तिथला. वायव्येच्या डोंगरावरून गरम, कोरडा वारा सुटतो. सकाळी वाळत घातलेला माझा रुमाल दुपारी पापडासारखा मोडला. समीर म्हणतो मी वाढवून सांगतो. त्याने तो रुमाल पाहिलेला नाही.

मी पोचलो त्याच्या दोन आठवडे आधी तिथे गुढीपाडवा झाला होता. चैत्राची पालवी वगैरे काही नाही; तिकडे तेव्हा पानगळ सुरू होते. पण केतकीच्या वाफ्यात झेंडू मात्र तेव्हाच भरात असतो, त्यामुळे दाराला झेंडूचं भरगच्च तोरण होतं. ते अजून तिथेच होतं. आपल्याकडे तोरण लावायला घरदार धावतं; काढायला पुढचा सण यावा लागतो. त्या वाऱ्यात ते वाळून खडखडीत झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी दारात जँडल्स (आपल्या रबरी स्लीपर, दुसरं काही नाही) घालून बसलो होतो. फाटकातून एक पंचावन्न-साठीची बाई आत आली. कोपरापर्यंत पीठ लागलेलं. माझ्याकडे न बघता ती तोरणाकडेच बघत राहिली.

"ही फुलं तुम्ही टाकून देणार आहात?"

"देणार आहोत. अजून आळस संपायचाय."

तिने एक फूल तोडलं, तळहातावर चुरलं, नाकाशी नेलं आणि न विचारता माझ्या शेजारी पायरीवर बसली. "फवारणी केली होती?" नाही म्हटल्यावर तिने डोळे मिटले.

ही मनाना. शेजारच्या घरात राहते आणि हॉर्नबीतल्याच एका बेकरीत पाव भाजते. मूळची जॉर्जियाची, म्हणजे रशियाच्या खाली काळ्या समुद्राला टेकलेला डोंगराळ देश आहे, तिथली. तिच्याकडे झेंडूच्या पाकळ्या वाळवून, कुटून जेवणात घालतात. मी छत्तीस वर्षं जगातलं खाण्याजोगं सगळं आणि न खाण्याजोगं थोडंफार विकलं, पण झेंडू खातात हे ऐकलं नव्हतं. "आम्ही तो ट्रकला घालतो," मी म्हणालो. तिने जरा दयेने माझ्याकडे पाहिलं.

मग तिने सांगितलं. तिचा थोरला भाऊ झुराब शनिवारी येणार होता, अकरा वर्षांनी. मनानाचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून भावाचं एकच चाललं होतं: परत चल. फोनवर म्हणाला होता, ज्या देशात आईची सात्सिवी होत नाही तिथे तू राहतेस कशी? सात्सिवी म्हणजे अक्रोडाच्या दाट वाटणात मुरवलेली टर्की, कोंबडीची थोराड बहीण. ती गार वाढतात. मनानाला परत जायचं नव्हतं. घर तिचं, काम तिचं, कुंपणावर तिने लावलेला द्राक्षाचा वेल तिचा.

"मी त्याच्याशी भांडणार नाही," ती म्हणाली. "रविवारी दुपारी वाढणार आहे."

पण बहिणीने पाठवलेलं मसाल्याचं पार्सल वाटेतच अडलं. आत बिया होत्या. नियमाप्रमाणे नष्ट केल्याचं पत्र आलं. धणे, लसूण इथे मिळत होते. झेंडू आत्ता सापडला. राहिला उत्स्खो सुनेली. त्याचा अर्थ परका सुगंध. निळ्या फुलांची मेथीच ती, पण गरीब स्वभावाची, कडवटपणा कमी. "आमचे म्हातारे म्हणतात, तो तुमच्याकडूनच आला," मनाना म्हणाली.

आता माझ्यासारख्या माणसाने काय करावं? मी उठून उभा राहिलो. म्हणालो, बाई, मिरची हुंगून मी गाव सांगतो. दोनदा हुंगली तर शेतकऱ्याचं सासू-सासऱ्यांशी पटतं का तेही सांगतो. तुमचा परका सुगंध मी रविवारच्या आत उभा करतो. घरात केतकीने कपाळाला हात लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

पण नाक दगा देत नाही. परसात केतकीने भाजीसाठी मेथी लावली होती आणि पाडव्याच्या कितीतरी आधीपासून ती खुडायचीच राहिली होती. पार शेंगा धरून वाळली होती. केतकीला त्याची लाज वाटत होती. मी त्या शेंगा दाण्यांसकट घेतल्या, तव्यावर नुसती ऊब दाखवली आणि कुटल्या. मनानाने चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"अर्धं जमलंय," ती म्हणाली. "पण रस्ता बरोबर आहे."

शुक्रवारी ती दोन मोठ्या पिशव्या भरून अक्रोड घेऊन आमच्याकडे आली. कारण मिक्सर. पुण्याहून आणलेला केतकीचा मिक्सर दगडाचंसुद्धा पीठ करेल. मनानाच्या घरातलं यंत्र अक्रोड बघूनच गरम व्हायचं. तिने अक्रोड, लसूण, धणे, मेथीच्या शेंगा आणि तोरणातल्या पाकळ्या अशा क्रमाने वाटलं की आमच्या पेढीवरच्या कुटणाऱ्या बायकांनीही मान डोलवावी. सायीच्या रंगाचं, किंचित पिवळसर वाटण पातेलंभर झालं. टर्की तिच्या घरी शिजायची होती.

"मुरू दे. हात लावू नका," असं सांगून ती दुपारच्या पाळीला बेकरीत गेली. केतकी दवाखान्यात, समीर ऑफिसात. घरात मी आणि ते पातेलं.

मी चव घेतली. चांगली होती. पण शांत होती हो. कुठे तडतड नाही, कुठे चुर्र नाही. आपल्याला फोडणी न दिलेला पदार्थ म्हणजे आंघोळ न करता लग्नाला निघालेला पाहुणा वाटतो. मी स्वतःला बजावलं. बाहेर जाऊन कुंपणावरच्या वेलाकडे बघून आलो. पाणी प्यालो. मग काय झालं ते मला सांगता येत नाही; एवढंच सांगतो की भानावर आलो तेव्हा माझ्या हातात कढलं होतं, घरात हिंगाचा घमघमाट होता आणि पातेल्यावर मोहरी तरंगत होती.

मनानाला वास फाटकातच आला. ती आत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चमचा घेतला, चव घेतली, चमचा खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"फोडणी."

"का?"

छत्तीस वर्षांत मला कुणी 'फोडणी का' असं विचारलंच नव्हतं.

ती गेल्यावर केतकी आली. "मामा, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हात नाही लावला. पळी लावली."

"मामा."

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द मी मोठ्या माणसांपुढेही फारसा काढत नाही, भाचीपुढे काढला.

अडचण अशी की तिच्याकडचे सगळे अक्रोड संपले होते, आणि दुकानातले जुने अक्रोड कडू लागतात म्हणून मनाना त्यांना शिवत नाही. झुराबचं विमान शनिवारी दुपारी चारला. समीरला ऑफिसातल्या कुणी तरी सांगितलं होतं, समुद्राकडच्या डोंगरांत जुनी अक्रोडाची झाडं आहेत आणि या दिवसांत फळं गळतात. शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. समीर गाडी चालवत होता, मनाना पुढे, मी मागे, हिंगासारखा एका बाजूला. दीड तास मनाना समोरच्या रस्त्याकडेच बघत होती.

रस्ता असा वळत होता की आपल्याच गाडीचा मागचा दिवा आपल्याला दोनदा दिसला. डोंगर उन्हाने पिवळे पडलेले, वर मेंढ्या, खाली निळं पाणी. एका शेताच्या फाटकाशी प्रचंड झाड होतं आणि त्याखाली गमबूट घातलेला म्हातारा शेतकरी कुत्र्याशी गप्पा मारत होता. समीरने आमची कथा थोडक्यात सांगितली. शेतकऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"म्हणजे यांनी बिघडवलं?"

"हो," मनाना म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.

"हेप्स पडलेत," तो म्हणाला (हेप्स म्हणजे ढिगाने). "वेचा हवे तेवढे. माझ्या मेंढ्या खात नाहीत."

आम्ही गुडघ्यांवर बसून वेचले. ताज्या अक्रोडाच्या हिरव्या सालीने हात काळे होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो रंग तीन आठवडे टिकला. परतीच्या विमानात शेजारणीने मला हातमोजे काढायला सांगितलं. झाडाखाली मनानाने दोन अक्रोड एका मुठीत धरले आणि एकावर दुसरा दाबून फोडला. मी करून पाहिलं. अक्रोड तसेच राहिले, माझी बोटं कडाडली. तेव्हा ती हसली. मान वळवून हसली, पण मी पाहिलं.

"आई अशीच फोडायची," ती म्हणाली. "आणि झुराबला जमायचं नाही."

अकरा वाजता परत आलो. समीर, केतकी आणि मी फोडायला, मनाना वाटायला. तोरणाची उरलेली अर्धी माळही उतरली. या वेळी पातेलं तिने स्वतःच्या घरी नेलं, दाराला कुलूप लावलं आणि मगच विमानतळावर गेली. हिंगाची डबी केतकीने कुठे ठेवली ते मला अजून माहीत नाही.

रविवारी दुपारी झुराब टेबलाच्या टोकाला बसला होता. मिशा अशा की दोन्ही बाजूंना एकेक मांजर झोपलंय असं वाटावं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला जॉर्जियन येत नव्हतं, तरी आम्ही तासभर एकमेकांना खोटं सांगत होतो आणि दोघांनाही ते कळत होतं. मग मनानाने सात्सिवी आणली. गार, सायीसारखी, वर अक्रोडाच्या तेलाचे पिवळे थेंब. तिने वाढलं आणि उभीच राहिली.

झुराबने घास घेतला. चावला. थांबला. मी मनातल्या मनात आमच्या कुलदैवताला नारळ बोललो, मग दोन. तो एकच वाक्य बोलला. मनानाच्या हातातला डाव टेबलावर टेकला आणि तिने पदर नसताना पदराने करावं तसं मनगटाने तोंड झाकलं.

"काय म्हणाला?" केतकीने हळूच विचारलं.

"म्हणाला, मीठ कमी आहे." मनानाचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "आईला दर वेळी हेच म्हणायचा. आयुष्यभर. दुसऱ्या कुणाला कधीच नाही."

झुराबने मीठ घेतलं आणि तीन ताटं संपवली. 'परत चल' हा विषय त्या दुपारी निघाला नाही. तो आणखी नऊ दिवस राहिला. जाण्याआधी दोन दिवस तो कुंपणाशी शिडीवर चढून खिळे ठोकत होता. मनानाच्या द्राक्षवेलाला त्याने पक्का लाकडी मांडव बांधून दिला. पुढची वीस वर्षं हलायचा नाही असा.

फोडणी दिलेलं पातेलं? ते आम्ही तिघांनी चार दिवस भाताबरोबर खाल्लं. उत्तम होतं. हे मनानाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मी पुण्याला परतलो. इथल्या विमानतळावर मला कुणी हुंगलं नाही, जरा चुकल्यासारखं झालं. पेढीवर बसल्यावर पोत्यापोत्यांकडे बघताना वाटायला लागलं, यातलं कोण कधी कुठून आलं असेल. मिरची तर समुद्रापलीकडची, हिंग अजूनही बाहेरूनच येतो. सगळे परके सुगंध कधी तरी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभे राहिले, अर्धे जमले, आणि मग कुणी तरी म्हणालं, मीठ कमी आहे. तिथून पुढे ते घरचे झाले.

दसरा झाल्यावर यंदा आमच्या दाराचं तोरण मी स्वतः उतरवलं, आठ दिवसांत. पाकळ्या वाळवल्या. काश्मीरचे अक्रोड आणले, वाटले, अगदी मनानाने सांगितलं तसं. माझी बायको सुलभा शेजारी उभी राहून बघत होती. तिने बोटाने चव घेतली, मान हलवली आणि कढलं गॅसवर ठेवलं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "फोडणी तेवढी राहिली."

मी 'का?' असं विचारेपर्यंत मोहरी तडतडली होती.