दाराजवळची जागा

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतल्या आमच्या चर्चची सगळी व्यवस्था एक सेवक बघायचा; दर रविवारी शास्त्रपाठही तोच वाचायचा. सतरंज्या अंथरायचा, खुर्च्या मांडायचा, आणि कोणी कुठं बसायचं तेही तोच ठरवायचा. साहेब लोक पंख्याखाली. वाचताना ओळीओळीला थांबून चष्म्यावरून आमच्याकडं बघायचा. पाठ संपला की बायबल मिटून दरडावल्यासारखं विचारायचा, "समजलं का?" आम्ही माना डोलवायचो. देवाच्या घराचा मालकच जणू!

एका रविवारी तलावावरची मासे विकणारी ढिवरीण पहिल्यांदाच उपासनेला आली. टोपली बाहेर ठेवून, मातीनं हात घासून, स्वच्छ धुऊन आली. हा दारातच आडवा आला.

"बाई, तुमी इथीच बसा, चपलांपाशी. वास येऊन राह्यला."

ती निमूट बसली. माझं डोकं सणकलं, पण मी खुर्चीतून हललो नाही.

त्या दिवशीचा पाठ नेमका येशूनं मासे धरणाऱ्या कोळ्यांना आपले शिष्य म्हणून निवडलं, तो होता. यानं तो खणखणीत आवाजात वाचला, बायबल मिटलं आणि विचारलं, "समजलं का?"

दाराजवळून ती बोलली, "समजलं ना भाऊ. पण त्याइले देवानं कुठी बसवलं होतं?"

यानं घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला. आम्ही उभे राहून गायला लागलो. गीत संपलं तेव्हा चपलांपाशी कोणी नव्हतं.

त्याला मी आजही शिव्या घालतो. पण त्या गीतात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.