कूलरमधलं बाळंतपण

यंदाच्या मे महिन्यात आमच्या कूलरला चार पिल्लं झाली.

कूलर पत्र्याचा, वयाने माझ्या नोकरीच्या बरोबरीचा. आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या बाल्कनीत, बेडरूमच्या खिडकीला तोंड लावून उभा. होळीनंतर प्रकाशने (हा माझा नवरा) आतला वाळा बदलायचा म्हणून कूलरची मागची जाळी काढली आणि तो ऑफिसला गेला. ऑफिसातून तो रोज परत यायचा, पण जाळीकडे काही परत गेला नाही. आता अशी कोरडी, अंधारी, जुना वाळा अंथरलेली जागा दिल्लीत रिकामी राहील का? इथे क्वार्टरच्या वेटिंग लिस्टवर माणसं म्हातारी होतात. एका करड्या मांजरीने अर्जबिर्ज न करता सरळ ताबा घेतला.

आम्हाला याचा पत्ताच नव्हता. मग एक दिवस उकाडा इतका वाढला की देव्हाऱ्यातली मेणबत्ती न पेटवताच वाकून नमस्कार करू लागली. तेव्हा प्रकाश उठला, पाण्याचा पाइप घेतला आणि कूलरच्या टाकीत सोडायला गेला. आतून 'फिस्स' असा आवाज आला.

"अगं, मोटर जळालेली दिसतेय," म्हणत त्याने आत हात घातला.

मोटरने त्याला कोपरापर्यंत बोचकारलं!

त्याची किंकाळी ऐकून मी आणि आमची जुई धावलो. जुईने मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि ती दुप्पट जोरात किंचाळली.

"मम्मा! किटन्स! अच्छा, म्हणून ती करडी मांजर रोज इथे यायची! आणि पापा त्यांच्यावर पाणी सोडत होता!"

"मला काय माहीत? खोक्यात घालून खाली पार्किंगमध्ये ठेवू."

"बिल्कुल नाही! खाली तो काणा बोका आहे. मागच्या वेळी त्याने..."

मी वाकून पाहिलं. अंगठ्याएवढी चार पिल्लं, डोळे मिटलेले, आईच्या पोटाला लटकलेली. बाहेर अंगाची भाकरी करणारा लूचा वारा, खाली तो बोका. मांजर बिथरून त्यांना घेऊन निघाली असती, तर एकही वाचलं नसतं. माझ्यातली वाघीण जागी झाली.

"ही पिल्लं स्वतःच्या पायांनी बाहेर येईपर्यंत या घरात कूलर लागणार नाही!" मी गरजले. (माझा आवाज जरा मोठा आहे. ऑफिसात मी फोनवर बोलते तेव्हा पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक उत्तर देतात.)

मी कूलरचा प्लग काढला, स्विचवर चिकटपट्टी मारली आणि आमची तपश्चर्या सुरू झाली. पंख्याखाली बसलं की वरून कुणीतरी इस्त्री फिरवतंय असं वाटायचं. नळाच्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकली की चहा तयार. प्रकाश भाजी शोधायच्या निमित्ताने फ्रिजमध्ये डोकं घालायचा आणि पेपर वाचून झाल्यावरच बाहेर काढायचा.

"अगं, एका मांजरीसाठी आपण तिघांनी मरायचं?"

"तिने बाळंतपणाला आपलं घर निवडलंय, प्रकाश. विश्वास टाकलाय तिने!"

"माझ्यावर नाही टाकला," तो हातावरचे ओरखडे दाखवत म्हणाला.

अशातच साताऱ्याहून सासूबाई आल्या. अख्खी दिल्ली मे महिन्यात पळ काढते, आमच्या सासूबाई मे महिन्यातच येतात. का, तर इकडे येणाऱ्या गाडीला गर्दी नसते! दारात पाऊल ठेवताच त्या म्हणाल्या, "कूलर लाव गं." मी परिस्थिती सांगितली. आता खरं तर त्यांनी परतीचं तिकीट काढायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना बढती मिळाली.

"बाळंतीण आहे घरात? आणि तुम्ही तिला काय, नुसतं दूध घालताय?"

"आजी, बाळंतीण म्हणजे?" जुईने विचारलं.

"बघा! दिल्लीत वाढवलं की हे असं होतं," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. आधी अहळिवाची खीर झाली. मांजरीने ती हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला ऑफिसच्या कँटीनचं जेवण वाढलंय. मग सासूबाई, जन्मात अंडं न शिवलेल्या, वरच्या मजल्यावर भाटिया आंटींच्या दारात उभ्या!

"हमारे घर में बाळंतीण है. थोडा मुर्गी का पानी देना."

"हाय, बधाई हो! किसको हुआ?" भाटिया आंटींनी माझ्या पोटाकडे पाहिलं. (पोटाने माझ्या बाजूने साक्ष दिली नाही.)

"कूलर में हुआ," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून वरून रोज सूप येऊ लागलं. मांजर गुबगुबीत झाली, पिल्लं टम्म झाली, डोळे किलकिले होऊ लागले. मी विजयी मुद्रेने सगळ्या बिल्डिंगला प्रगती सांगत होते. आणि नेमकं तेव्हाच मी वाटीभर दूध घेऊन आत वाकले, मांजरीने मायेने माझ्या हातावर पंजा मारला आणि सगळं दूध टाकीत सांडलं. दुपारपर्यंत लाल मुंग्यांची रांग लागली. एक पिल्लू कळवळून ओरडू लागलं.

"मुंग्या चावून मारतील गं लेकरांना!" सासूबाई घाबरल्या. "धुरी दे. दोन निखारे, चिमूटभर ओवा, लांबून. बाळंतिणीलाही चांगली."

माझा स्वभाव असा, की चिमूटभर कुठलीच गोष्ट मला जमत नाही. दोन करवंट्या पेटवल्या, लोखंडी तव्यावर ठेवल्या, त्यावर ओव्याची अख्खी बरणी उपडी केली, बाळंतशेपा टाकल्या, लसणाची सालं टाकली आणि तवा कूलरच्या स्टँडखाली सारला. त्रेचाळीस अंश तापमानात बाळंतिणीला शेगडी देणारी दिल्लीतली मी पहिलीच बाई असेन!

धूर असा उठला की बाल्कनी दिसेना. कूलर शिंकू लागला. आत मांजर खोकतेय की मी, ते कळेना. मी तवा ओढायला खाली वाकले, तेवढ्यात वरून भाटिया अंकलचा आवाज आला.

"आग! आग! कूलर में आग लग गई!"

"नहीं अंकल, धुरी..."

मला 'धुरी'ला हिंदी शब्द आठवेपर्यंत वरच्या बाल्कनीतून बादली उपडी झाली. मग दुसरी. आता कूलर म्हणजे काय वस्तू? वरून पडलेलं पाणी इकडेतिकडे न जाऊ देता टाकीत साठवणारी! इतकी वर्षं गळणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्याने त्या दिवशी थेंबही सांडला नाही. टाकी भरू लागली आणि पिल्लांचा आवाज एकदम वेगळाच, बारीक झाला.

"मम्मा, ते डूबतायत!" जुई रडायलाच लागली.

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. मांजरीने तो उभा-आडवा सोलून काढला. सोलू दे! एक पिल्लू हाती लागलं, ते पदरात. दुसरं लागलं. तिसरं वाळ्यात अडकलं होतं, ते वाळ्यासकट ओढलं. चौथं सापडेना. पाण्यात तळ चाचपडत होते आणि तोंडाने कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल करत होते, त्यातले निम्मे देव माझ्या ओळखीचेही नाहीत. इतक्यात माझ्या कानाजवळून मांजर सुटली. चौथं तिच्या तोंडात होतं!

ती घरातून, जिन्यातून, थेट वर. भाटिया मंडळी आग विझवायला खाली धावलेली, त्यांचं दार सताड उघडं. मी ओल्या पदरात तीन पिल्लं घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने ती खाली आली. माझ्या मांडीवर चढली, एक पिल्लू मानेला धरून उचललं, वर गेली. पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला तिने माझ्या सोललेल्या हाताला एकदा नाक लावलं. मी बिल्डिंगसमोर ओक्साबोक्शी रडले. (भाटिया अंकलना वाटलं मी कूलरसाठी रडतेय. ते नवीन घेऊन देतो म्हणाले.)

वर जाऊन पाहिलं, तर बाळंतीण भाटियांच्या बेडरूममध्ये, कपाटात, अंकलच्या घडी घातलेल्या लोकरी स्वेटरांवर. चारही पिल्लं कोरडी, लुचत होती. खोलीत एसी सुरू! "अब ये यहीं रहेगी. बच्चों को लू नहीं लगने दूँगी," भाटिया आंटी म्हणाल्या.

आमचा कूलर मोकळा झाला. पण माझ्या धुरीत त्याची मोटर या वेळी खरोखरच जळाली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी आपली पिशवी भरली. "बाळंतिणीजवळ आपलं माणूस हवं," म्हणून त्या वर राहायला गेल्या. जुई पिल्लांचे व्हिडिओ काढायला गेली, ती तिथेच झोपली. प्रकाश आईची तब्येत विचारायला गेला आणि मग ती रोजच विचारू लागला. मी स्वाभिमानी! मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दुपारी उशी बगलेत मारून वर गेले. दार उघडलं, मांजरीने मला पाहिलं आणि तत्काळ एक पिल्लू तोंडात उचलून निघायच्या तयारीत उभी राहिली.

"बहनजी, आप रहने दो," भाटिया आंटी हळूच म्हणाल्या. "आपको देखके बिल्ली सामान बाँधने लगती है."

"खरंच गं, तू नको येऊस," आतून सासूबाई पांघरूण ओढत म्हणाल्या.

दार बंद झालं. पण दाराखाली चांगली बोटभर फट आहे, आणि तिच्यातून घोट्यापर्यंत लागेल अशी गार हवा येते. सध्या मी तिथेच जिन्यात चटई टाकते. येणारे-जाणारे विचारतात, तेव्हा मी सांगते की काणा बोका येऊ नये म्हणून पहारा देतेय.