आधी तू कर
सुक्या बोंबलांचा वास आला की आईचा तो व्हिडिओ कॉल आठवतो. दादरच्या मासळीबाजारात ती पाटीमागे बसली होती आणि मी तिच्यापुढे मोबाईल धरला होता. नव्या नियमाप्रमाणे बँकेला तिची ओळख पटवायची होती, नाहीतर खातं बंद. पडद्यावरचा टायवाला तरुण म्हणाला, "मावशी, डोळ्यांची उघडझाप करा. समोर जिवंत माणूस आहे, हे दिसायला हवं." जन्मभर माशाचे डोळे बघून ताजं-शिळं ठरवणारी आई त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "आधी तू कर, मग मी." तो हसला, त्याने केली, आणि तेवढ्यावर तिचा विश्वास बसला. परवा मलाही तसाच कॉल आला. मी म्हटलं, "आधी तुम्ही करा." पडद्यावरच्या चेहऱ्याने लगेच, अगदी सफाईने उघडझाप केली. हल्ली यंत्रं चेहरेसुद्धा बनवतात. आणखी काय करून दाखवायला सांगावं, ते मला सुचेना. मी कॉल कट केला.